देवीवाले चाचा

“आधी दंड, मंग बात.”

चाचांची कुणाशीही गाठ पडली की पहिलं वाक्य हेच. रामराम नाही, सलाम नाही. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत त्यांचा हात त्याच्या बाहीकडे गेलेला असायचा. बाही वर सरकवायची, दंडावर अंगठा फिरवायचा आणि देवी काढल्याचे, म्हणजे देवीची लस टोचल्याचे, गोल वण हाताला लागले की मगच चेहरा खुलायचा. “हां, आता बोला. कसं काय चाललंय?”

तुमच्यापैकी जे माझ्या मुलांच्या वयाचे असतील, त्यांनी वाचता वाचता आपला दंड चाचपून पाहावा. खोलगट, चुरगळलेल्या कातडीचे वण लागतील. धाराशिव जिल्ह्यात, तेरणेच्या काठच्या गावांत तुमचं लहानपण गेलं असेल, तर ते वण बहुधा ह्याच माणसाच्या हातचे आहेत.

मी सोलापुरात नर्सिंग शिकून माकणीच्या अलीकडच्या एका गावी सरकारी दवाखान्यात रुजू झाले, तेव्हा निजामाचं राज्य जाऊन जेमतेम आठ वर्षं झाली होती. मोटारीतून ट्रंक घेऊन उतरले, तर समोर एक उंच, सडपातळ गृहस्थ. खाकी कोट, पांढरी होत आलेली दाढी, काखेत छत्री. मला वाटलं, दवाखान्यातून कुणी न्यायला आलंय. तर हे म्हणाले, “बाई, आधी दंड.” भर रस्त्यात, परक्या गावात मी बाही वर केली. चाचांनी वण पाहिले, मान हलवली आणि माझी ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेऊन चालायला लागले.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. सगळ्या गावांत ते देवीवाले चाचा. मुसलमान माणसाला हे नाव पडलेलं पाहून बाहेरून आलेला माणूस हसायचा. चाचांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. कुठल्याही गावात टोचायला सुरुवात करण्याआधी ते, जिच्या कोपानं देवी येतात असं लोक मानत त्या, शितळादेवीच्या दगडाशी चपला काढून घडीभर उभे राहायचे. एका म्हातारीनं माझ्यासमोर त्यांना विचारलं होतं, “तुमी मुसलमान, आमच्या देवीच्या दारात कशापायी हुभं ऱ्हाता?”

“मावशी,” चाचा म्हणाले, “तिच्याच गावात येऊन तिचंच काम बंद पाडतोय. विचारून करावं का नको?”

म्हातारी पदरात तोंड घालून हसली आणि त्या दिवशी घरातली चारही नातवंडं तिनं स्वतः धरून आणली.

निजामाच्या वेळेपासून ते ह्याच नोकरीत होते. तेव्हा सगळी दप्तरं उर्दूत. राज्य गेलं आणि दप्तर मराठीत आलं, तेव्हा चाचा चाळिशीला टेकलेले. त्यांनी तुर्की टोपी पेटीत ठेवून दिली. का, ते मी विचारलं नाही. त्या भागात राहणाऱ्याला ते विचारावं लागत नसे. आणि पाटी घेऊन ते गावच्या शाळेत पहिलीच्या पोरांच्या रांगेत जाऊन बसले. सहा महिन्यांत लिहायला लागले. ‘देवि काडलि’ असं लिहायचे. त्यांची नोंदवही सुवाच्य अक्षरात उतरवून देणं हे माझ्या गळ्यात पडलेलं काम. मी चुका दाखवल्या की म्हणायचे, “बाई, वेलांटी चुकली तर चालंल. माणूस चुकायला नको.”

त्यांची हत्यारं थोडी. स्पिरिटचा दिवा, कापूस आणि फिरकी. फिरकी म्हणजे बोटभर दांडीच्या टोकाला दातेरी चकती. लसीचा थेंब दंडावर ठेवायचा आणि त्यावर फिरकी दाबून गर्रकन फिरवायची. पोरं ती पाहूनच कणगीत, गवताच्या गंजीत लपायची. चाचा गंजीपुढे उकिडवे बसून म्हणायचे, “मी गेलो बरं का,” आणि तिथंच बसून राहायचे. पोरगं डोकं बाहेर काढी आणि चाचांच्या हाती लागे.

एकदा एका लग्नात त्यांनी मांडवाच्या दारात नवरदेवाची बाही वर केली. दंड कोरा! नवरीचा बाप हात जोडायला लागला, “चाचा, अक्षता पडू द्या, मंग काय ती फिरकी फिरवा.” चाचा म्हणाले, “तुमची पोरगी देताय आन् जावयाचा दंड बघितला न्हाई?” हळद लागलेल्या अंगानं नवरदेवानं टोचून घेतलं, मगच तो बोहल्यावर चढला. आठव्या दिवशी तो नवी बायको घेऊन दवाखान्यात हजर. दोघांनीही बाह्या वर केलेल्या.

हसण्यासारखं त्यांच्यात पुष्कळ होतं. पण ह्या माणसाच्या आत काय पेटलेलं आहे, ते मला सत्तावन्न साली कळलं.

त्या वर्षी फ्लूची साथ आली. घरंच्या घरं आडवी झाली. एकेका वाड्यात चूल पेटवायला उभं माणूस राहिलं नाही. जी म्हातारी माणसं होती, त्यांना आपलं तरुणपण आठवलं आणि त्यांच्या तोंडी एकच शब्द आला. मानमोडी. अठरा सालची ती फ्लूची साथ. गावंच्या गावं ओस पाडणारी.

लोक दवाखान्यात यायला लागले. आणि मी जे पाहिलं ते विसरू शकत नाही. ओटीवर, पायऱ्यांवर, लिंबाखाली माणसं उभी होती आणि सगळ्यांनी बाह्या वर केलेल्या होत्या. ज्यांनी चाचांना पाहून दारं लावली होती तीही. “टोचा चाचा. काय बी टोचा, पर टोचा.”

चाचा दारात उभे होते. त्यांच्याकडे ह्या तापावरची लस नव्हती. कुणाकडेच नव्हती.

बाजारात एक माणूस होता. कुठल्यातरी दवाखान्यात पूर्वी कामाला होता म्हणे. त्यानं बाटलीत तांबडं पाणी करून सुया मारायला सुरुवात केली होती आणि त्याच्या दारात झुंबड उडाली होती. गावातल्या दोघा-तिघांनी चाचांना सुचवलं, “तुमीबी काय तरी टोचा की. लोकांस्नी धीर येतुया.”

मी चाचांना रागावलेलं फार वेळा पाहिलं नाही. त्या दिवशी पाहिलं. “खोटी सुई टोचली की माणूस निर्धास्त होतो. निर्धास्त झाला की खाटेवरनं उठून हिंडतो, दहा घरं आणखी पाडतो. हे मी करणार न्हाई.”

मग ते दारोदार फिरले. उकळलेलं पाणी, पेज, आजाऱ्याला वेगळी खाट, खिडकी उघडी. दुसरं काही हातात नव्हतं. स्वतः आजारी पडले, पाच दिवसांनी उठले आणि पुन्हा निघाले. तेव्हापासून त्यांच्या छातीत एक घरघर राहिली ती राहिलीच.

साथ ओसरल्यावर एका सकाळी ते दोन कोऱ्या वह्या घेऊन माझ्यासमोर बसले.

“बाई, लिहा. घरवार यादी. म्हातारं कोण, पोटुशी कोण, दम्याचं कोण, कुणाच्या मांडीवर तान्हं हाय.”

“कशाला चाचा? साथ गेली.”

“परत येईल. मानमोडीत माझी अम्मी गेली, दोन भाऊ गेले. मी दहा वर्षांचा. तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हतं ही काय बला हाय. आता ठाऊक हाय. मोठ्या शहरांत लस करायला लागलेत म्हणं. आज न्हाई तर उद्या आपल्यापर्यंत येईल. ती आल्यावर कुणाला आधी टोचायचं ह्याचा विचार करत बसू का? यादी आत्ता पाहिजे.”

आम्ही ती यादी केली. सात गावं आणि वस्त्या. मी लिहायचे, ते सांगायचे. कुणाची सून माहेरी गेली, कुणाचा आजा सोलापूरला गिरणीत राहिलाय, सगळं त्यांना पाठ. फ्लूची लस काही आमच्या तेरणेकाठापर्यंत आली नाही. पण चाचांनी ती यादी दर वर्षी पुरी करून घेतली. मेलेल्यांवर काट मारायची, जन्मलेले लिहायचे. मला मनातून हे सगळं फुकटचं वाटायचं.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला बरीच वर्षं लागली.

चार-पाच वर्षांनंतरचा चैत्र. देवीची लस तेव्हा पातळ असायची, बारीक काचेच्या नळ्यांत. तिला ऊन बिलकूल सोसत नसे. धाराशिवहून मोटारीनं रुंद तोंडाच्या थर्मासात बर्फात बुडवून यायची आणि आमच्याकडे सोलापूरच्या बर्फात राहायची. भुशाच्या पोत्यातून तो बर्फ यायचा. सकाळी दहाला येणारी मोटार त्या दिवशी वाटेत बंद पडली आणि दिवस मावळताना आली. चाचा नदीपलीकडे गेले होते. थर्मास मी उतरवून घेतला, झाकण काढलं. बर्फाचं पाणी झालेलं. मी बोट बुडवलं. आंघोळीच्या पाण्यासारखं कोमट.

आत खाटेवर एक बाई अडलेली होती. तिची सासू हाका मारत होती. मी घाईघाईनं नळ्या नव्या बर्फात घातल्या, झाकण लावलं आणि आत पळाले. गार झालं की झालं, असं मनाला सांगितलं. ते बाळंतपण पहाटेपर्यंत चाललं. मी जरा डोळे मिटून उठले तोवर चाचा थर्मास घेऊन गेलेलेही होते. संध्याकाळी ते आले तेव्हा सांगता आलं असतं. नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशीही नाही. एकदा न सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी सांगणं जास्त अवघड असतं, हे तुम्हीही कधीतरी अनुभवलं असेल.

त्या नळ्यांनी चाचांनी तीन ठिकाणी टोचलं. एक मोठं गाव, एक लहान आणि नदीपलीकडची वस्ती.

आठव्या दिवशी दंड तपासायला आम्ही दोघं मोठ्या गावात गेलो. घरातल्या बायांकडे जायचं असलं की मी बरोबर असायची. चावडीपाशीच बाया गोळा झाल्या, चाचांना हातपाय धुवायला पाणी दिलं. पाटलीणबाई कौतुकानं म्हणाल्या, “चाचा, यंदा लई हलक्या हातानं टोचलंसा बगा. एका पोराला ताप न्हाय, फोड न्हाय. दोन दिसांत समदं वाळून गेलं.”

चाचा गुळाचा खडा तोंडात टाकत होते. तो तसाच हातात राहिला.

त्यांनी पहिलं पोर ओढून जवळ घेतलं. मग दुसरं. मग तिसरं. एकेका दंडावरून अंगठा फिरत होता. सगळे दंड स्वच्छ होते. लस जिवंत असली की फोड धरतो, भरतो, ताप येतो. इथं नुसते ओरखडे होते, वाळलेले. चाचा चटईवर बसले ते बराच वेळ उठले नाहीत. बायांना वाटलं, उन्हानं चक्कर आली. कुणी कांदा आणला.

परतताना बाभळीच्या रांगेपाशी मी थांबले आणि सांगून टाकलं. मोटार, कोमट पाणी, नवा बर्फ, सगळं. मला वाटलं, आता हा माणूस मला काय वाट्टेल ते बोलेल.

“कोमट म्हंजे किती?” त्यांनी विचारलं. “बोट बुडवलं तर चटका?”

“नाही. आंघोळीच्या पाण्याएवढं.”

“मेली ती,” ते म्हणाले. आणि दवाखान्याकडे झपाझप चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी ते धाराशिवला गेले. नवी लस पाहिजे होती. तिथल्या साहेबांनी नोंदवही पुढे केली. तीन गावं झाली असा अहवाल वर गेलेला होता. साहेब म्हणाले, आता पुन्हा त्याच गावांसाठी लस मागितली तर वर काय सांगू? चाचा म्हणाले, “जे झालं ते सांगा.” साहेबांनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं. चाचा बसले. दुसऱ्या दिवशीही कचेरी उघडताच त्याच बाकावर बसले. तिसऱ्या दिवशी लस घेऊन आले. मोटारीत थर्मास मांडीवर धरून, वर ओलं फडकं आणि त्यावर छत्री उघडून. मोटारीत छत्री उघडून बसलेला माणूस पाहून लोक हसत होते म्हणे.

त्याच सुमारास राज्याच्या सीमेपलीकडच्या बाजारांत देवी असल्याची खबर आली होती.

मोठ्या गावात त्यांनी दवंडी पिटवली. चावडीपुढे माणसं जमली. चाचा उभे राहिले.

“मागच्या खेपेला तुमच्या पोरांना मी जे टोचलं ते मेलेलं होतं. त्याचा काय उपयोग न्हाई. माझ्या हातनं चूक झाली. परत टोचायला पाहिजे.”

“चाचा, ते...” मी बोलायला लागले.

“बाई, यादी काढा,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “पहिलं घर वाचा.”

पाटील संतापले. “एकदा पोरं रडवलीसा. आता पुन्यांदा? आन् ह्ये तरी जित्तं हाय कशावरनं?”

“आठ दिवसांनी कळंल.”

“तवर?”

“तवर मी हितंच हाय.”

पाच घरं तयार झाली. तेवढीच. चाचांनी त्या पाच घरांतल्या पोरांना टोचलं आणि शाळेच्या ओट्यावर पथारी टाकली. रोज सकाळी ते त्या पोरांना चावडीपुढे बोलवायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दंड दाखवायचे. पहिले तीन दिवस दाखवण्यासारखं काही नव्हतं. लोक टिंगल करायचे. चौथ्या दिवशी लालसर गाठ दिसली. सहाव्या दिवशी मोत्यासारखा पाणीदार फोड. सातव्या दिवशी एक बाई तावातावानं ओट्याशी आली. “माझं प्वार तापानं फणफणलंय!”

“ताप आला?” चाचा ताडकन उठले. “खरंच आला? अल्ला, तुझे लाख शुकर!”

बाई गावभर सांगत सुटली, ह्यो बाबा पोराला ताप आला म्हनून नाचतुया. पण त्या दुपारी पाटील स्वतः नातवाला कडेवर घेऊन आले आणि त्यांच्या मागं सारं गाव आलं. आमच्या त्या फ्लूच्या यादीवरून मी नावं वाचत गेले. घर सुटलं नाही, माणूस सुटलं नाही. कोण शेतात आहे, कोण पावण्याकडं गेलंय, सगळं त्या वहीत होतं. तेव्हा मला कळलं की ते फुकटचं नव्हतं.

लहान गावात बोभाटा आधीच पोचला होता, तिथं दोन दिवसांत काम झालं. राहिली नदीपलीकडची वस्ती. आम्ही निघायच्या तयारीत असतानाच तिकडून माणूस आला. वस्तीतल्या सोजरबाईच्या थोरल्या पोरीला देवी आल्या होत्या. बाजाराहून आलेल्या पावण्याकडून. सात वर्षांची पोर. तीन आठवड्यांपूर्वी चाचांनी तिला टोचलं होतं. त्या मेलेल्या लसीनं.

तेरणेवर तेव्हा धरण नव्हतं. उन्हाळ्यात नदी म्हणजे वाळूचा पट्टा. तो तुडवताना चाचा माझ्या पुढे चालत होते आणि त्यांची छाती घरघरत होती, ती मला मागं ऐकू येत होती.

वस्तीत पोचताच ते कामाला लागले. सोजरबाईच्या दाराला, घरात देवी आल्याची खूण म्हणून, कडुलिंबाचा डहाळा लावलेला. तिथं त्या दिवशी कुणी दार उघडलं नाही. बाकीची सगळी घरं त्यांनी टोचून काढली. कुणी नको म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पोर गेली.

तिसऱ्या दिवशी चाचा सोजरबाईच्या अंगणात जाऊन बसले. मी मागं उभी. सोजरबाई उंबऱ्यात बसलेली. तिची नजर कुठंच नव्हती.

“बाई,” चाचा म्हणाले, “तुझ्या पोरीला मी टोचलं होतं. ते मेलेलं होतं. चांगलं असतं तर ती वाचली असती. हे दुसऱ्या कुणाकडनं कळण्यापेक्षा मी सांगावं म्हणून आलोय.”

माझे डोळे वाहत होते. मी पदराचा बोळा तोंडात धरला होता.

सोजरबाई उठली आणि आत गेली. मला वाटलं, ती दार लावून घेणार. तसं केलं असतं तर आम्ही काय करणार होतो? पण ती बाहेर आली. कडेवर धाकटा, दीड वर्षाचा. त्याचं कुंची-अंगडं तिनंच सरकवलेलं.

“ह्येला टोचा,” ती म्हणाली. “आन् ह्या येळंला नीट बगून टोचा.”

चाचांनी नळी उजेडात धरून पाहिली, मग थेंब ठेवला. त्यांचा हात हलला नाही. टोचून झाल्यावर मात्र स्पिरिटचा दिवा विझवायला त्यांना दोनदा फुंकर मारावी लागली.

ते त्याच वस्तीत राहिले. सोजरबाईच्या पोराला फोड भरेपर्यंत. मधल्या दिवसांत आणखी दोघांना देवी आल्या, तोंडावर वण राहिले, पण ती जगली. सोजरबाईच्या धाकट्याला काही झालं नाही. मोठ्या गावात आणि लहान गावात एकालाही नाही.

पुढं धाराशिवहून चाचांच्या नावे लेखी ठपका आला. सरकारी मराठी त्यांना जड जायची म्हणून त्यांनी कागद माझ्याकडे दिला. मी वाचलं. “‘कामातील हलगर्जीपणा.’”

“हलगर्जीपणा म्हंजे?”

मी अर्थ सांगितला. आणि म्हणाले, “चाचा, आज मी लिहून पाठवते. हे माझ्यामुळं झालंय.”

“पाठवू नका.”

“का?”

त्यांनी कागदाची घडी घातली. “बाई, ह्या सात गावांतल्या बायका तुमच्याकडं बाळंत व्हायला येतात. केवढ्या मुश्किलीनं यायला लागल्या. ही बात फुटली तर परत घरात, विळ्यानं नाळ कापून घेतील. किती मरतील? माझ्यावरचा भरवसा गेला तर मी आठ दिवस ओट्यावर बसून परत आणीन. तुमच्यावरचा गेला तर अडलेल्या बाईला तेवढा वेळ नसतो.”

मग म्हणाले, “आन् बोट बुडवून बघायचं काम माझं होतं. वरचा बर्फ बघून मी निघालो. माझंबी चुकलंच की.”

त्यानंतर दर वेळी लस आली की मी थर्मास उघडून बोट बुडवायची. दोनदा आख्खी लस परत पाठवली. साहेब चिडले. चिडू दिलं.

वर्षभरात चाचा निवृत्त झाले. हारतुरे नकोत म्हणाले. शेवटच्या दिवशी त्यांनी याद्यांच्या वह्या माझ्या टेबलावर ठेवल्या, कोणत्या घरात कोण पोटुशी आहे ते बोट ठेवून सांगितलं आणि मोटारीनं धाराशिवला आपल्या घरी गेले. त्यांच्या जागी आलेला माणूस चांगला होता, हाताचा चपळ होता. पण पोरं आता कणगीत लपली की तो पुढच्या घरी जायचा. मग गंजीपुढे उकिडवं बसायचं काम माझ्याकडे आलं.

दोन वर्षांनी सोजरबाई माझ्याकडे बाळंत झाली. पुन्हा मुलगी. तिसऱ्या दिवशी तिला पेज देताना मला राहवेना. दार लोटलं आणि सगळं सांगितलं. लस मेल्याची चूक चाचांची नाही, माझी होती.

सोजरबाई बाळाच्या टाळूवर तेल घालत होती. तिचा हात थांबला नाही.

“मला ठावं हाय,” ती म्हणाली.

“कुणी सांगितलं? चाचांनी?”

“न्हाय. त्या दिशी चूक माझी म्हनून बोलत चाचा हुते आन् रडत तुमी हुत्या. मला काय कळंना व्हय?” मग म्हणाली, “राग लई आला हुता. पर तुमी न्हाय पळून गेल्या. म्हनून हितं आले.”

हे चाचांना सांगायचं होतं. त्यासाठी एक निमित्तही मिळालं. धाराशिवला आम्हा सगळ्यांना नव्या लसीची माहिती द्यायला बोलावलं होतं. ही लस कोरडी होती, भुकटीसारखी. टोचायच्या वेळी पाण्यात कालवायची. बर्फ नको, ओलं फडकं नको. महिनाभर उन्हाळ्यात राहिली तरी मरत नाही, असं डॉक्टर सांगत होते. सगळे टिपून घेत होते. डोळ्यांतल्या पाण्यानं मला कागद दिसत नव्हता. बैठक संपली, लसीची पेटी हातात मिळाली आणि मी तशीच विचारत विचारत चाचांच्या घरी गेले.

दार चाचींनी उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी माझा हात धरून आत नेलं, चटई टाकली.

चाचा पौष महिन्यात गेले होते. छातीचं दुखणं. मला कळवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

चाची चहा करत होत्या, आणि बोलत होत्या. शेवटी शेवटी शुद्ध हरपली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, लस आली का? घरातली माणसं म्हणायची, आली. मग शांत पडायचे. पुन्हा थोड्या वेळानं तेच.

मी त्यांना पेटी दाखवली. ही कशी उन्हाला भीत नाही ते सांगितलं. सोजरबाईचंही सांगितलं. त्यांना त्यातलं किती समजलं कोण जाणे. पण त्या मन लावून ऐकत होत्या, जसं दुसऱ्या कुणासाठी ऐकून ठेवायचं असतं तसं.

दुपारची मोटार धरायची होती. दुसऱ्या दिवशी माकणीकडच्या वस्त्यांवर टोचणी होती, यादीतली नवी नावं अजून वहीवर चढवायची राहिली होती. मोटार सुटली तेव्हा ऊन माझ्या बाजूला आलं आणि पेटीवर पडलं. त्या लसीला आता सावलीची गरज नव्हती, हे सकाळीच मी ऐकलं होतं. तरी मी पेटी उचलून पदराखाली घेतली आणि आमचं गाव येईपर्यंत तशीच धरून बसले.